इंग्रजीची गोडी : ‘थोडे’ आणि ‘थोडेच’



मंचरच्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न या वेळी घेत आहे. त्या बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा निवडण्याच्या कामावर जातात. मुलगा बारावी झाला. दोन सुट्ट्यांत त्याने एका गोदामात पोती मोजून हिशेब लिहिण्याचे काम केले होते. त्या जोरावर त्याने नोकरीसाठी इंग्रजीतून अर्ज टाकला. अर्जात लिहिले, ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स.’ त्याला सांगायचे होते की मला थोडा अनुभव आहे. समोरच्याने वाचले ते असे की, मला अनुभव नसल्यासारखाच आहे. मुलगा हिरमुसून घरी आला. आईचे म्हणणे, ‘लिटल म्हणजे थोडे, असे पुस्तकातच दिले आहे. मग पोराचे चुकले कुठे?’

माउली, पुस्तकात दिले आहे ते खोटे नाही, पण अर्धे आहे. तुमच्या मुलाने एक अक्षर गाळले, ते म्हणजे ‘अ’. ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स’ असे लिहिले असते तर त्याचा अर्थ झाला असता, ‘मला थोडाफार अनुभव आहे.’ ‘अ’ गेला आणि ‘थोडा’चा ‘थोडाच’ झाला.

हा ‘थोडाच’मधला ‘च’ नीट ध्यानात घ्या, म्हणजे आजचा निम्मा धडा झाला. संध्याकाळी पिठाचा डबा उघडून आई म्हणते, ‘थोडे पीठ आहे, चार भाकरी होतील.’ म्हणजे चूल पेटवायला हरकत नाही. तीच आई म्हणाली, ‘पीठ थोडेच आहे गं,’ की मुलीला कळते, आता शेजारी वाटी घेऊन जायचे किंवा गिरणी बंद व्हायच्या आत पळायचे. डबा तोच, पीठही तेवढेच. पहिल्या वाक्यात आई जे आहे त्याकडे बघते, दुसऱ्यात जे नाही त्याकडे. मराठीत ही निराशा दाखवायला आपण ‘च’ जोडतो. इंग्रजीत उलटे आहे. तिथे निराशा दाखवायला ‘अ’ काढून टाकतात. म्हणून ‘अ लिटल’ म्हणजे थोडे, आणि नुसते ‘लिटल’ म्हणजे थोडेच. ‘अ फ्यू’ म्हणजे काही, आणि नुसते ‘फ्यू’ म्हणजे नाहीतच म्हणा ना.

आता ‘लिटल’ कुठे आणि ‘फ्यू’ कुठे? मोजता येते त्याला ‘फ्यू’. मोजता येत नाही, मापावे लागते, त्याला ‘लिटल’. माणसे, पोती, दिवस, रुपये, वह्या यांना ‘फ्यू’. पाणी, दूध, पीठ, तेल, वेळ यांना ‘लिटल’. इथवर सोपे आहे. घोळ होतो तो पैशाच्या ठिकाणी. रुपये मोजता येतात म्हणून ‘अ फ्यू रुपीज’. पण ‘मनी’ हा शब्द इंग्रजीत पाण्यासारखा आहे. ‘अ फ्यू मनी’ म्हणायचे नाही, ‘अ लिटल मनी’ म्हणायचे. पैसा मोजता येत नाही हे काय गौडबंगाल, असे माझ्या रविवारच्या वर्गात एका मुलाने विचारले होते. त्याला सांगितले, ‘बाबा, तू रुपया मोजतोस. पैसा नुसता येतो आणि जातो.’ वर्ग हसला, पण नियम डोक्यात बसला.

असेच फसवे शब्द आणखी आहेत. ‘वर्क’ म्हणजे काम, ‘इन्फर्मेशन’ म्हणजे माहिती, ‘अॅडव्हाइस’ म्हणजे सल्ला, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘राइस’, आणि आपल्या अर्जातला ‘एक्स्पीरियन्स’. हे सगळे पाण्याच्या बाजूचे. ‘ब्रेड’सुद्धा त्याच बाजूला बसतो. आपली भाकरी मात्र मोजून खायची वस्तू, तिला ‘अ फ्यू भाकरीज’ म्हणता येईल. या यादीमागे काही मोठे तत्त्व नाही, ती पाठ करावी लागते. इंग्रजी शिकवणारे सगळ्याला नियम आहे असा आव आणतात, तो मला पटत नाही.

पाठ करण्यावरून आठवले. बाबासाहेब लहान असताना सुभेदार रामजी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेत. ज्या माणसाच्या इंग्रजी ग्रंथांचे पुढे सरकारला खंडामागून खंड काढावे लागले, त्याचा पाया असा मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी करून घातला गेला होता. आपल्या मुलांना महागडी शिकवणी परवडत नसेल तर नाराज होऊ नका. रोज रात्री घरात बोललेली दहा वाक्ये वहीत उतरवून इंग्रजीत करायची. एवढे महिनाभर करून पाहा.

‘अ फ्यू’च्या पोटात दोन बारीक खड्डे आहेत, तेही दाखवून ठेवतो. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हटले की ‘अ’ असूनही अर्थ ‘थोडेच’ होतो, कारण ‘ओन्ली’ हा इंग्रजीतला ‘च’ आहे. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हटले तर अर्थ होतो चक्क ‘बरेच’. ‘क्वाइट अ फ्यू पीपल केम’ म्हणजे सभेला बरीच माणसे आली होती. वर्तमानपत्रात हे वाचून आपला माणूस समजतो की सभा पडली.

आता ज्या शब्दाने सगळ्यात जास्त नुकसान होते त्याकडे वळू. तो शब्द ‘हार्डली’.

‘हार्ड’ म्हणजे कठीण, आणि कष्टानेही. ‘स्लो’चे ‘स्लोली’, ‘क्विक’चे ‘क्विकली’, तसे ‘हार्ड’चे ‘हार्डली’ झाले असेल, असे कुणालाही वाटेल. मुलाखतीत विचारतात, वडील काय करतात? मुलगा अभिमानाने सांगतो, ‘माय फादर हार्डली वर्क्स.’ त्याला म्हणायचे असते, माझे वडील राबराब राबतात. ऐकणाऱ्याला ऐकू येते, माझे वडील फारसे काही करत नाहीत. जो बाप पहाटे तीनला उठून पोत्यांची थप्पी लावतो, ज्याच्या खांद्याला घट्टे पडले आहेत, त्याची अशी नालस्ती त्याच्याच पोराच्या तोंडून होते. आणि हे पोराला कळतही नाही. समोरची माणसे गालात हसतात. म्हणून घराघरात हे वाक्य लिहून भिंतीला लावा : ‘माय फादर वर्क्स हार्ड.’ ‘माय मदर वर्क्स हार्ड.’ शेवटी ‘ली’ नाही म्हणजे नाही.

‘हार्डली’चा खरा अर्थ ‘जेमतेम’ किंवा ‘नाहीच म्हटले तरी चालेल’. ‘देअर इज हार्डली एनी ऑइल इन द बॉटल’, म्हणजे बाटलीत तेल जवळपास नाही. ‘बेअरली’ आणि ‘स्केअर्सली’ हे त्याचे सख्खे भाऊ. त्यांत थोडा फरक आहे. ‘बेअरली’ म्हटले की काम जेमतेम का होईना, झाले. ‘ही बेअरली पास्ड’, म्हणजे काठावर पास झाला, पण झाला. पेढे वाटायला हरकत नाही.

वारंवारतेचे शब्दही याच घराण्यातले : ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’. दोन्हींचा अर्थ क्वचित. या सगळ्यांची एक खोड लक्षात ठेवा. यांच्या पोटात ‘नाही’ आधीच बसलेले आहे, दुसरे ‘नाही’ आणायचे नाही. आपल्या मराठीच्या सवयीने मुले लिहितात, ‘ही डज नॉट सेल्डम कम.’ तो क्वचित येत नाही, म्हणजे नेहमीच येतो की काय? बरोबर वाक्य, ‘ही सेल्डम कम्स.’ शब्दाची जागाही ठरलेली. साध्या क्रियापदाच्या आधी, पण ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असेल तर त्याच्या नंतर. ‘शी इज रेअरली लेट.’ एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांसाठी वेगळे वाक्य करून ठेवा : ‘द बस इज सेल्डम ऑन टाइम.’ भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांवर राहणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

‘सटीसहामाशी’ला इंग्रजीत काय म्हणतात? साधे ‘व्हेरी रेअरली’ किंवा ‘हार्डली एव्हर’ चालते. पण त्यांच्याकडे एक गमतीचा वाक्प्रचार आहे, ‘वन्स इन अ ब्लू मून’. शब्दशः पाहिले तर निळ्या चंद्राच्या वेळी. चंद्र काही निळा होत नाही. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा पडल्या तर हल्ली दुसरीला ते ‘ब्लू मून’ म्हणतात. असा योग साधारण अडीच-तीन वर्षांनी येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला होता. २०२६ च्या मे महिन्यात तर १ तारखेला वैशाख पौर्णिमा, म्हणजे बुद्धजयंती, आणि ३१ तारखेला पुन्हा पौर्णिमा. शुभ-अशुभाचा त्यात काही संबंध नाही. चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा आणि मे महिना एकतीस दिवसांचा, एवढेच गणित आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणाऱ्या घरातल्या मुलांना हा वाक्प्रचार विसरायला होणार नाही. या अर्थाने ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणणाऱ्यांची पिढी अजून आहे. आपण पंचांग सोडले, तेव्हा ती म्हणही सोडायला हरकत नाही.

‘रेअर’ आणि ‘स्केअर्स’ यांत गल्लत होते. दोन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘दुर्मिळ’ असा सापडेल. पण ‘रेअर’ म्हणजे सहसा न आढळणारे. त्याची गरज असेलच असे नाही, आणि बहुधा त्याचे कौतुक असते. ‘स्केअर्स’ म्हणजे गरजेचे असून पुरेसे नसलेले. जुने नाणे ‘रेअर’ असते, रॉकेल ‘स्केअर्स’ असते. शाळेच्या पुस्तकात बिबट्याला ‘रेअर अॅनिमल’ म्हटलेले असेल. जुन्नर-आंबेगावातल्या ऊसतोडीच्या बाईला ते वाचून दाखवा, ती काय म्हणेल ते इथे छापण्यासारखे नाही. बिबट्याला उसाचे रान मानवले आणि तो आपल्या भागात नित्याचा झाला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले. पुण्याच्या पेठेत बसून लिहिणाऱ्याला जे ‘रेअर’, ते आपल्या रात्रपाळीच्या पाणी देणाऱ्याला रोजचे. तेव्हा कोण कुठे बसून बोलतो यावरही हे शब्द अवलंबून असतात.

पाणी मात्र ‘स्केअर्स’. ‘वॉटर इज स्केअर्स इन मे.’ इथे ‘रेअर’ चालणार नाही. डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी खाली पूर्वेच्या रानात जाते, आणि धरणाच्या वरच्या अंगाला काही आदिवासी वाड्यांत बायांना उन्हाळ्यात हंडा घेऊन दूर जावे लागते. पाऊस भरपूर, धरण भरलेले, आणि वाडीत ‘स्केअर्सिटी’. म्हणजे हा शब्द नेहमीच निसर्गाविषयी बोलतो असे नाही. बऱ्याचदा तो वाटपाविषयी बोलतो.

‘स्केअर्सिटी’ या शब्दाची महाराष्ट्रात एक कहाणी आहे, ती प्रत्येक कष्टकरी घराला माहीत असली पाहिजे. १९६३ साली आपल्या राज्याने एक कायदा केला. त्या कायद्याने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ म्हणजे ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ म्हणजे ‘टंचाई’ हा शब्द बसवला. कायद्याचे नावच मुळी ‘फॅमिन’ शब्द वगळण्याचा कायदा असे आहे. कारण काय दिले? तर सरकार शेतीच्या स्थितीवर सतत नजर ठेवून असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतीची कामे काढते, त्यामुळे आता दुष्काळ पडायला जागाच उरलेली नाही.

पुढे नऊ वर्षांनी १९७२ आले. ज्यांच्या घरात तेव्हाची म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांना विचारावे. लाल मिलो, सुकडी, तळ्याच्या कामावरची माती आणि हातोडीने फोडलेली खडी. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढी माणसे उन्हात दगड फोडत होती आणि कायद्याच्या पुस्तकात तिला ‘टंचाई’ म्हणायचे होते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळांसारखी माणसे तेव्हा रस्त्याकडेला मरून पडली नाहीत, आणि ते श्रेय या कामांना आहे. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. पण कामे निघाली ती लोकांनी मागितली म्हणून, मोर्चे काढले म्हणून. शब्द बदलल्याने विहिरीला पाणी लागले असे कुठे घडलेले नाही.

हा शब्दांचा खेळ पुढेही चालूच राहिला. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा सरकारी शब्द तुम्ही ऐकला असेल. सदृश म्हणजे सारखी. दुष्काळासारखी, पण दुष्काळ नव्हे. २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयात प्रश्न विचारले गेल्यावर सरकारला सुमारे २९ हजार गावांबाबत सांगावे लागले की ‘दुष्काळसदृश’ लिहिले आहे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. एका शब्दावर सवलती लटकलेल्या असतात. परीक्षा-फी, शेतसारा, विजेचे बिल, टँकर. ज्याला ‘स्केअर्सिटी’ आणि ‘फॅमिन’ यांतला फरक कळतो तो तहसील कचेरीत, आपल्याकडे घोडेगावला, कागद हातात घेऊन बोलू शकतो. ज्याला कळत नाही तो ‘साहेब बघा काहीतरी’ म्हणतो.

कमतरता दाखवणारे आणखी काही शब्द भराभर घेऊ. ‘स्कँटी’ म्हणजे अपुरा. पावसाला हा शब्द चांगला बसतो, ‘स्कँटी रेनफॉल’. ‘स्पार्स’ म्हणजे विरळ, वस्तीला किंवा झाडीला. ‘मीगर’ म्हणजे तुटपुंजा, पगाराला आणि जेवणाला. ‘मीगर’मध्ये तक्रारीचा सूर आहे. मालक कधी म्हणणार नाही की मी ‘मीगर वेजेस’ देतो. ते कामगाराने म्हणायचे असते.

‘मिनिमम’ या शब्दापाशी मात्र थांबले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांना वाटते, मिनिमम म्हणजे थोडे. तसे नाही. मिनिमम म्हणजे याहून कमी चालणार नाही अशी खालची रेघ. वर कितीही जाता येते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मांडले. कायदा १९४८ साली झाला. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. पण कितीतरी ठिकाणी ठेकेदार सांगतो, ‘सरकारी मिनिमम आहे, त्यापेक्षा जास्त देता येत नाही.’ म्हणजे ‘मिनिमम’ला तो ‘मॅक्सिमम’ करून टाकतो. तळाला छप्पर म्हणतो! असे कुणी म्हटले तर त्याला दोन इंग्रजी शब्द ऐकवा : ‘अॅट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी, आणि ‘अॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त. कायद्यात पहिला आहे, दुसरा नाही. ‘लीस्ट’ म्हणजे ‘लिटल’चेच शेवटचे रूप. लिटल, लेस, लीस्ट. आणि फ्यू, फ्युअर, फ्युएस्ट. मोजायच्या वस्तूला ‘फ्युअर’, मापायच्या वस्तूला ‘लेस’. पण रक्कम, अंतर आणि वेळ सांगताना आकडा असला तरी ‘लेस दॅन’ म्हणतात : ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’.

‘स्मॉल’ आणि ‘लिटल’ यांबद्दलही विचारणा झाली होती. आकाराने लहान ते ‘स्मॉल’. ‘लिटल’ आकाराला लावला तर त्यात माया येते, ‘अ लिटल गर्ल’ म्हणजे चिमुकली. म्हणून बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीवर जो इंग्रजी निबंध लिहिला त्याच्या नावात ‘स्मॉल होल्डिंग्ज’ आहे. तिथे मायेचे काम नव्हते. हा निबंध सरकारने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे. दहावी झालेल्या मुलाने शब्दकोश घेऊन बसावे, महिन्याभरात वाचून होईल. त्यातले म्हणणे ढोबळपणे असे की जमिनीचा तुकडा नुसत्या मापावरून लहान की मोठा ठरत नाही. त्यावर किती माणसे, किती बैल-औते, किती भांडवल लावले आहे यावर ते ठरते. साधने पुरेशी नसतील तर मोठा तुकडाही तोट्याचाच. आणि शेतीवर जगणाऱ्यांची गर्दी कमी करायची तर कारखाने वाढले पाहिजेत. ज्यांच्या सातबाऱ्यावर काही गुंठेच आहेत, आणि त्यातही चार भावांची नावे, त्यांना या निबंधातला प्रश्न शंभर वर्षांनंतरही आपलाच वाटेल.

हाच विचार ‘फ्यू’ला लावून पाहा. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्ध सुमारे ८४ लाख होते, त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. आता ‘देअर आर फ्यू बुद्धिस्ट्स इन इंडिया’ हे वाक्य बरोबर की चूक? देशाच्या लोकसंख्येत शंभरात एकही पुरता भरत नाही, त्या हिशेबाने बरोबर. पण ८४ लाख म्हणजे जगातल्या कित्येक देशांपेक्षा जास्त माणसे. परीक्षेत गुण मिळतील तसे लिहा, मात्र वर्तमानपत्रात ‘फ्यू’ दिसला की कशाच्या मानाने, हे विचारायची सवय ठेवा.

थोडक्याची मोजदाद आपल्या भागाला नवी नाही. जुन्नरच्या डोंगरांत जी दोनशेहून अधिक लेणी-खोदकामे आहेत, तिथल्या शिलालेखांत दानाचे बारीक हिशेब आहेत. एका तुटलेल्या लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे महिन्याला पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडे पाव अशी नोंद वाचली गेली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ‘पाव’ कुणी क्षुल्लक म्हणून गाळला नाही, दगडात कोरला. आणि ‘पावणेदोन’ पाहून आपल्याला शेजारच्या किराणा दुकानात उभे राहिल्यासारखे वाटते! इंग्रजीला पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांसाठी सुटे शब्द नाहीत. त्यांना ‘वन अँड अ क्वार्टर’, ‘टू अँड अ हाफ’ असे जोडून बोलावे लागते. या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा, घोट, चतकोर, चिपटे, मापटे यांपैकी ‘अ पिंच’, ‘अ हँडफुल’ आणि ‘अ सिप’ एवढेच नेमके भेटतात. ‘चतकोर’ला ‘अ क्वार्टर ऑफ अ भाकरी’ म्हणा आणि गप्प बसा.

जाता जाता वंदनेतला एक शब्द. करणीय मेत्त सुत्तात ‘अप्पकिच्चो’ येतो. ‘अप्प’ म्हणजे अल्प. इंग्रजी भाषांतरांत त्याला ‘विथ फ्यू ड्यूटीज’ असे केलेले आढळते. इथे ‘अ’ नाही, तरी निराशा नाही. मागे लागलेली लचांडे कमी, हा गुण म्हणून सांगितला आहे. तसेच ‘अप्पिच्छता’ला इंग्रजीत ‘फ्यूनेस ऑफ विशेस’ म्हणतात. इच्छा थोड्या असणे. हा ‘फ्यूनेस’ शब्द एरवी इंग्रजीत फारसा भेटत नाही. पण अप्पिच्छता ही स्वतःहून धरायची गोष्ट आहे. तुटपुंजी मजुरी देणाऱ्याने आपल्याला अल्पसंतुष्टपणाचे पाठ द्यावेत यासाठी ती सांगितलेली नाही. १९५० साली बाबासाहेबांनी बुद्धधम्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या इंग्रजी लेखात स्पष्ट म्हटले आहे की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये. ‘फ्यू विशेस’ आणि ‘मीगर वेजेस’ ही एका घरातली भावंडे नव्हेत.

आता घरचा अभ्यास. खालील वाक्ये इंग्रजीत करून वहीत लिहा. आई-वडिलांनी मराठी वाक्य मोठ्याने वाचायचे, मुलांनी इंग्रजी सांगायचे. उत्तरे पुढच्या अंकात पाहू. माठात थोडे पाणी आहे. माठात थोडेच पाणी आहे. बाजारात आज टोमॅटोच्या काही गाड्या आल्या. माझी आजी क्वचितच आजारी पडते. आम्हाला मिळणारी मजुरी तुटपुंजी आहे. आमच्या वाडीत उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. मला हिशेबाच्या कामाचा थोडा अनुभव आहे.

शेवटचे वाक्य मंचरच्या त्या मुलाने आधी करावे आणि नव्या अर्जात तसेच लिहावे.